कर्नल तारापोर : सेवा आणि संसार

लढाईत कामी आलेल्या सैनिकाचे स्मरण करताना आपण बहुधा त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या दिवसापाशीच थांबतो. त्या दिवसाची तारीख, रणभूमीचे नाव, मिळालेले पदक आणि सन्मानपत्रातील चार ओळी एवढ्या सामग्रीवर त्याचे नाव शाळेच्या भिंतीवर, चौकाच्या पाटीवर आणि वार्षिक समारंभाच्या भाषणात नांदू लागते. आणि ज्या वीस-पंचवीस वर्षांच्या अखंड, अबोल आणि बाहेरच्याला बव्हंशी नीरस वाटणाऱ्या चाकरीतून तो दिवस घडला ती वर्षे, तसेच त्या वर्षांत त्याच्यामागून छावणीछावणीतून फिरलेले त्याचे बिऱ्हाड, ही दोन्ही आपल्या दृष्टीआड होतात. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर देह ठेवलेले आणि परमवीरचक्राने मरणोत्तर गौरविलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचेही असेच झाले आहे. त्यांचा पराक्रम सहा दिवसांचा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या सहा दिवसांच्या मागे तेवीस वर्षांची सेवा होती, आणि त्या सेवेच्या शेजारी आई, पत्नी, कन्या आणि पुत्र यांचे एक जिव्हाळ्याचे घर होते, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्या पराक्रमाचा खरा अर्थ उलगडत नाही.

अर्देशीर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. तारापोर हे आडनाव आजच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील तारापूर गावाचे. आणि घराण्यात अशी परंपरा सांगतात की, रतनजीबा नावाच्या त्यांच्या एका पूर्वजाने छत्रपती शिवाजीमहाराजांच्या पदरी राहून तलवार गाजविली, तिच्याबद्दल त्यास शंभर गावांची मनसब मिळाली, आणि त्या गावांत तारापूर हे मुख्य होते. पुढे कालमान पालटले. अर्देशीर यांच्या आजोबांनी निजामाच्या अबकारी खात्यात नोकरी पत्करली आणि कुटुंब हैदराबादेस स्थायिक झाले; वडील फारसी आणि उर्दूचे व्यासंगी, तेही निजामाच्याच जकात खात्यात रुजू झाले. घरातील तलवार अशी मागे पडून तिची जागा लेखणीने घेतली होती. ती तलवार पुन्हा हाती घेण्याचे काम या मुलाच्या वाट्यास आले. त्याच्या बालपणाची एक आठवण सांगितली जाते. सहा वर्षांचा असताना घरची गाय दावे तोडून थोरल्या बहिणीच्या अंगावर धावली, तेव्हा पळून न जाता हा मुलगा काठी घेऊन बहिणीच्या पुढे उभा राहिला आणि त्याने गाईच्या नाकाडावर तडाखा दिला. आपल्या माणसाच्या आणि संकटाच्या मध्ये स्वतः उभे राहावयाचे, हा त्याच्या आयुष्याचा पुढचा सगळा क्रम त्या लहानशा प्रसंगात दिसतो.

सातव्या वर्षी त्यांना पुण्यास सरदार दस्तूर यांच्या मुलांच्या वसतिशाळेत ठेवण्यात आले, आणि १९४० साली ते तेथूनच मॅट्रिक झाले. अभ्यासापेक्षा मैदानाकडे त्यांचा ओढा अधिक होता, आणि शेवटच्या वर्षी शाळेचे कप्तानपद त्यांच्याकडे आले. वसतिगृहाच्या घंटेवर उठणे, आपली खाट आपण आवरणे, धाकट्यांची जबाबदारी घेणे आणि घरची आठवण मनातल्या मनात ठेवून सर्वांबरोबर हसत राहणे, हे शिक्षण अशा शाळांतून मिळत असते. सैनिकाच्या भावी आयुष्यात जो वियोग पदोपदी भेटावयाचा, त्याची ओळख त्यांना पुण्याच्या कँपात सातव्या वर्षीच झाली.

दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ. अर्देशीर यांनी हैदराबाद संस्थानच्या सैन्यात प्रवेश मिळविला, गोवळकोंडा आणि बंगलोर येथील प्रशिक्षण पुरे केले, आणि १ जानेवारी १९४२ रोजी त्यांना सातव्या हैदराबाद पायदळ पलटणीत सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. त्यांचे मन मात्र रिसाल्यात होते. तेथे जाण्याचा मार्ग त्यांना एका अपघाताने मोकळा करून दिला. संस्थानी फौजेचे सरसेनापती एल-इद्रूस पलटणीची पाहणी करण्यास आले असता हातबाँब फेकण्याचा सराव चालू होता. एका नवशिक्या शिपायाचा धीर ऐनवेळी सुटला आणि पिन काढलेला बाँब त्याच्या हातून जवळच पडला. बाँबची पिन निघाली आणि दस्ता सुटला म्हणजे स्फोट होण्यास मोजून काही सेकंद उरतात. तेवढ्या अवधीत तारापोर यांनी पुढे झेपावून तो उचलला आणि दूर भिरकावला. तो हातातून सुटताच फुटला आणि त्याच्या कपच्या त्यांच्या छातीत शिरल्या. बरे झाल्यावर सरसेनापतींनी त्यांना बोलावून शाबासकी दिली; तेव्हा या तरुणाने बक्षीस म्हणून एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे रिसाल्यातील बदली. अशा रीतीने ते हैदराबादच्या पहिल्या इंपीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये दाखल झाले, आणि त्याच रिसाल्याबरोबर महायुद्धाच्या काळात त्यांनी पश्चिम आशियात कामगिरी बजावली.

स्वातंत्र्याबरोबर संस्थानी फौजांतील अधिकाऱ्यांपुढे एक कठीण प्रश्न उभा राहिला. ज्याचे मीठ खाल्ले त्या संस्थानची राजसत्ताच सप्टेंबर १९४८ मध्ये भारताच्या पाच दिवसांच्या लष्करी कारवाईत संपुष्टात आली. एल-इद्रूस यांनी ज्यांच्यापुढे शरणागती पत्करली ते मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी पुढे भारताचे सरसेनाध्यक्ष झाले, आणि १९६५ चे युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत लढले गेले. ज्या फौजेने चौधुरींपुढे शस्त्रे ठेवली त्या फौजेत तयार झालेला एक अधिकारी सतरा वर्षांनी त्याच चौधुरींच्या सैन्यातील सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी ठरावा, यात व्यक्तीच्या निष्ठेइतकेच नव्या राष्ट्राच्या पोटात घेण्याच्या शक्तीचेही श्रेय आहे. १ एप्रिल १९५१ रोजी तारापोर यांची नेमणूक भारतीय सैन्याच्या सतराव्या पूना हॉर्स रिसाल्यात झाली, आणि त्या दिवसापासून अखेरपर्यंत हा रिसाला त्यांचा झाला.

पूना हॉर्स या नावामागील इतिहास मराठी वाचकाने मुद्दाम जाणून घेण्याजोगा आहे. १८१७ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यास इंग्रजांशी जो पुण्याचा तह करावा लागला, त्या तहान्वये पेशव्याच्या खर्चाने घोडदळ उभारण्यात आले. तेच या रिसाल्याचे मूळ. पेशवाई बुडाली, कंपनी सरकार गेले, राणीचे राज्य गेले, घोडे जाऊन रणगाडे आले, आणि त्यात पुण्याचे जवानही राहिले नाहीत, कारण पुढे रिसाल्याची भरती मुख्यतः राजस्थान आणि उत्तर हिंदुस्थानातून होऊ लागली. पण नाव पुण्याचेच राहिले. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणातील खुशाब येथे मुंबई इलाख्याच्या घोडदळाने इराणी पायदळाचा चौकोन फोडला. त्या लढाईचे स्मारक म्हणून रिसाल्याजवळ एक इराणी निशाण आहे. त्याच्या शेंड्यावर रुप्याचा पंजा आहे, आणि ईश्वराचा हात सर्वांच्या वर आहे, अशा अर्थाचा लेख त्यावर कोरलेला आहे. तारापोर यांनी १९६५ साली ज्या सेंच्युरियन रणगाड्यातून रिसाल्याचे नेतृत्व केले, त्याचे नाव खुशाब होते. घोड्याच्या टापांची कीर्ती लोखंडी पट्ट्यांवर चालविण्याची ही रीत रिसाल्यातील माणसे फार मनापासून पाळतात, आणि आपल्या आधीच्या माणसांना लाज आणावयाची नाही, हा विचार त्यांच्या शौर्याच्या मुळाशी असतो.

१९५१ ते १९६५ या चौदा वर्षांविषयी सन्मानपत्रात एक अक्षरही नाही, आणि ते स्वाभाविक आहे. शांततेच्या काळातील सेवेला सन्मानपत्रे नसतात. परंतु सैन्यातील अधिकारी खऱ्या अर्थाने घडतो तो याच वर्षांत. सकाळची परेड, रणगाड्यांची देखभाल, नेमबाजीचा सराव, जवानांच्या रजेचे अर्ज, कोणाच्या शेताचा तंटा तर कोणाच्या घरच्या आजारपणाची तार, सायंकाळचे खेळ, रात्री नकाशे आणि नियमपुस्तके, असा तो दिनक्रम असतो. एका रणगाडा रिसाल्यात तीन तुकड्या आणि प्रत्येक तुकडीत सुमारे चौदा रणगाडे. प्रत्येक रणगाड्यात चौघांचे बिऱ्हाड. सुमारे ५० टन वजनाच्या त्या पोलादी पेटीत चालक पुढे, तोफची आणि गोळे भरणारा मध्ये आणि नायक वर, अशी दाटीवाटीने बसलेली माणसे एकमेकांच्या स्वभावाशी इतकी परिचित व्हावी लागतात की, हुकूम पुरा होण्याआधीच हात चालावा. हा परिचय वर्षानुवर्षांच्या सहवासानेच होतो. ज्या अधिकाऱ्यास प्रत्येक जवानाचे गाव, घर आणि अडचण ठाऊक असते, त्याच्यामागे जवान आगीत शिरतात. आणि ज्याने कोणाच्या रजेचा अर्ज न वाचताच बाजूला टाकला असेल, त्याच्या हुकमाला लढाईच्या वेळी तेवढे वजन उरत नाही.

या दिनक्रमाच्या पलीकडे अधिकाऱ्याचे घर असते. काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव आणि पलटण, दर दोन-तीन वर्षांनी त्या भरावयाच्या आणि नव्या छावणीत उघडावयाच्या. मुलांची शाळा अर्ध्या वर्षात बदलावयाची. सणावारी धनी सरावावर असावयाचा. आणि लग्नात मिळालेली भांडीकुंडी मालगाडीच्या प्रवासात एकेक करून फुटावयाची, हे सैनिकी संसाराचे नित्याचे चित्र आहे. तारापोर कुटुंबानेही हेच आयुष्य काढले. आपण नागरी माणसे या संसाराकडे पाहून म्हणतो की, सैनिकाने सेवेसाठी घराचा त्याग केला. हे म्हणणे मला अपुरे वाटते. घर आणि सेवा यांचे वैर आहे, एकाला दिले की दुसऱ्याचे उणे होते, असे गृहीत धरून ते केलेले असते. तारापोर यांच्यासारख्यांच्या आयुष्याकडे बारकाईने पाहिले म्हणजे दिसते ते निराळेच. घरातील माणसांची काळजी वाहणारा जो स्वभाव, तोच पलटणीत जवानांची काळजी वाहतो. आणि पलटणीत अंगी बाणलेला नेमस्तपणा आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय घरात प्रेमाचे रूप घेते. घरावरील माया ज्याच्या ठिकाणी नाही, त्याची सेवानिष्ठा फार तर शिस्त होते. ती निष्ठा नव्हे.

१९६५ च्या सप्टेंबरात या निष्ठेची कसोटी लागली. छांब-जौरियाँ भागात पाकिस्तानने केलेल्या चढाईचा दाब कमी व्हावा म्हणून भारताने आंतरराष्ट्रीय सीमेवर आघाड्या उघडल्या, आणि त्यांपैकी सियालकोटच्या दिशेने जाणारी आघाडी लेफ्टनंट जनरल डन यांच्या पहिल्या कोअरकडे सोपविण्यात आली. तिच्या अग्रभागी मेजर जनरल राजिंदरसिंग यांची पहिली चिलखती डिव्हिजन होती, आणि तिच्यात पूना हॉर्स. ७ आणि ८ सप्टेंबरच्या रात्रीच्या सुमारास सीमा ओलांडली गेली. समोर अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे होते, आपल्याकडे ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन. सियालकोटच्या दक्षिणेस असलेल्या फिलोरा आणि चविंडा या ठिकाणांचे महत्त्व असे की, फिलोरा हे रस्त्यांचे नाके होते आणि चविंडा हे रेल्वेचे ठाणे. ती हाती आली तर सियालकोटचा दक्षिणेशी संबंध तुटणार होता. म्हणून शत्रूने आपल्या चिलखती दळाचा मोठा भाग येथे आणला, आणि महायुद्धानंतरच्या अतिशय घनघोर रणगाडा लढायांपैकी एक या सपाट मुलुखात झाली.

११ सप्टेंबर रोजी फिलोऱ्यावरील मुख्य चिलखती हल्ल्याची कामगिरी पूना हॉर्सकडे होती. फिलोरा आणि चविंडा यांच्या मधून रिसाला पुढे घुसत असता वझीरवालीच्या बाजूने शत्रूचे रणगाडे एकाएकी चालून आले. अशा वेळी कमान अधिकाऱ्यापुढे दोन मार्ग असतात : थांबून फळी बांधावी, किंवा अंगावर आलेले अंगावर घेत मूळ उद्दिष्टाकडे जावे. तारापोर यांनी जागा सोडली नाही, हल्ला परतविला, आणि तोफा आणि रणगाडे यांचा अखंड मारा चालू असताना एका तुकडीनिशी, पायदळाच्या साहाय्याने, फिलोऱ्यावर चाल केली. रणगाड्याच्या आतून बाहेरचे फार थोडे दिसते. भिंगाच्या फटीतून जेवढे दृष्टीस पडेल तेवढ्यावर सबंध रिसाला चालविता येत नाही. म्हणून खरा नायक झाकण उघडून डोके आणि खांदे बाहेर काढून उभा राहतो. रणभूमीचा नकाशा त्यास असा समक्ष दिसतो, पण गोळ्यांच्या कपच्यांनाही तो तितकाच समक्ष दिसतो. त्या दिवशी तारापोर जखमी झाले. मागे इस्पितळात जाण्यास त्यांनी नकार दिला. फिलोरा त्याच दिवशी आपल्या हाती आले.

याच दिवसांतील एक गोष्ट मला त्यांच्या सगळ्या पराक्रमाहून अधिक विचार करण्याजोगी वाटते. आपण या लढाईत पडलो तर काय करावे, हे त्यांनी आपले दुय्यम अधिकारी मेजर चीमा यांना सांगून ठेवले. त्यांच्या जवळच्या वस्तू थोड्याच होत्या. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे. गळ्यातील सोन्याची साखळी पत्नीस. बोटातील अंगठी मुलीला. हातातील कडे आणि फाउंटनपेन मुलाला. आणि देहाचा अंत्यसंस्कार रणभूमीवरच अग्नी देऊन करावा.

या निरवानिरवीतील प्रत्येक कलम निरखून पाहावे. येथे जमीन नाही, जुमला नाही, रोकड नाही. अंगावर असलेल्या वस्तू आहेत, आणि त्यांतील एकेक वस्तू एकेका माणसाची आठवण काढून वाटलेली आहे. तोफांच्या गर्जनेत, अंगावर ओली जखम असताना आणि शेकडो जवानांच्या प्राणांचा भार माथ्यावर असताना ज्यास आई, पत्नी, मुलगी आणि मुलगा यांपैकी कोणाचाही विसर पडत नाही, तो घर मागे टाकून आला असे कोण म्हणेल? तो घर बरोबर घेऊनच आला होता. आणि घराची व्यवस्था लावून मोकळा झाल्यामुळेच पुढचे पाच दिवस निःशंक मनाने लढू शकला. अग्निसंस्काराची इच्छा तर त्याहून गहन आहे. पारशी धर्माचारात अग्नी हा परमपवित्र. मृतदेहाचा त्यास स्पर्श होऊ नये म्हणून परंपरेने देह दोखम्यावर, म्हणजे शांततेच्या मनोऱ्यावर, ठेवला जातो. तारापोर अश्रद्ध नव्हते. प्रार्थनेचे पुस्तक त्यांनी रणगाड्यात बरोबर आणले होते, आणि ते सर्वांत आधी आईकडे जावे असे सांगितले होते. तरीही ज्या मातीत आपले जवान पडले, त्याच मातीत आणि त्यांच्याच रीतीने आपलाही शेवट व्हावा, असे त्यांना वाटले असले पाहिजे. आईला धर्म पोचता केला, आणि देह रिसाल्यास दिला, असा त्या इच्छापत्राचा अर्थ मी घेतो.

१४ सप्टेंबरला जखमी अवस्थेतच त्यांनी रिसाल्याला वझीरवालीवर नेले आणि ते काबीज केले. १६ सप्टेंबरला जसोरान आणि बुटूर-डोगरांदी ही दोन गावे घेतली. चविंड्यावर पिछाडीने हल्ला करणाऱ्या पायदळाला आधार मिळावा म्हणून ही ठाणी टिकविणे अत्यावश्यक होते. शत्रूचा मारा इतका भयंकर होता की, खुशाबवर अनेक वेळा गोळे आदळले. पण त्यांनी दोन्ही ठाणी सोडली नाहीत. त्या दिवसांच्या झुंजीत पूना हॉर्सने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे केवळ ९ गमावले, असे त्यांच्या परमवीरचक्राच्या सन्मानपत्रात नमूद आहे. त्याच १६ तारखेस ते प्राणांतिक जखमी झाले. वय बेचाळीस वर्षांचे. कमान अधिकारी पडल्यावर सैन्य विस्कळीत होते, असा युद्धशास्त्राचा जुना अनुभव आहे. येथे रिसाला लढतच राहिला, आणि चौदा वर्षांच्या निमूट सेवेचे याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असू शकेल?

त्याच दिवशी, त्याच बुटूर-डोगरांदीच्या परिसरात, आठव्या गढवाल रायफल्सचे कमान अधिकारी लेफ्टनंट कर्नल जे. ई. झिराड हेही आपल्या पलटणीच्या अग्रभागी लढताना पडले. झिराड हे ज्यू समाजातील होते, आणि त्यांचे आडनाव अलिबागजवळच्या झिराड या गावाचे आहे. आपल्या कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत आणि मराठी बोलत राहिलेल्या बेने इस्रायल समाजात गावांवरून आडनावे घेण्याची रीत आहे. एक पारशी आणि एक ज्यू, एकाच्या नावात तारापूर आणि दुसऱ्याच्या नावात झिराड. एक राजस्थान आणि उत्तर हिंदुस्थानातील स्वारांचा नायक, दुसरा गढवाली डोंगरकऱ्यांचा. आणि दोघांचा अंत पंजाबातील एकाच गावाच्या शिवारात एकाच दिवशी. हिंदी सैन्य म्हणजे काय, हे सांगण्यास मोठमोठी भाषणे लागतात. या एका दिवसाची नोंद त्या भाषणांचे काम करते. तारापोरांचे नाव निदान परमवीरांच्या यादीत आहे. झिराडांचे नाव त्यांच्या कोकणातही किती जणांस ठाऊक असेल, याचा विचार आपण करावयास हवा.

१७ सप्टेंबर रोजी, त्यांच्या इच्छेप्रमाणे, जसोरान येथे त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला. चविंडा अखेरपर्यंत पडले नाही; २३ सप्टेंबरच्या पहाटे युद्धविराम झाला, आणि १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार दोन्ही सैन्ये आपापल्या मूळ सीमेत परतली. म्हणजे ज्या भूमीवर कर्नलांना अग्नी दिला ती आज सरहद्दीच्या पलीकडे आहे, आणि तेथे जाऊन फूल वाहण्याचे भाग्य त्यांच्या घरच्यांना वा रिसाल्याला नाही. काही जण यावरून विचारतात की, मग त्या बलिदानाने मिळविले काय? याचे उत्तर नकाशावर शोधू नये. छांबकडे लागलेले शत्रूचे लक्ष सियालकोटकडे वळवावयाचे आणि त्याच्या चिलखती दळाची शक्ती तेथे झिजवावयाची, हे त्या आघाडीचे काम होते, आणि त्या कामात या रिसाल्याने आपला वाटा पुरेपूर उचलला. प्रदेश तहांनी मिळतात आणि तहांनी परत जातात. सैन्याची कमाई त्याच्या कुळाचारात जमा होते. सहाच वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, बसंतरच्या लढाईत याच पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी एकविसाव्या वर्षी जळत्या रणगाड्यातून लढत देह ठेवला आणि रिसाल्यास दुसरे परमवीरचक्र मिळवून दिले. खेत्रपालांचा जन्म पुण्याचा. रिसाल्यात नव्याने आलेल्या त्या मुलाला तारापोर कोण होते हे शिकवावे लागले नसणार. ते त्या घराच्या हवेतच होते.

२०२३ साली अंदमानातील एकवीस बेटांना परमवीरचक्राच्या एकवीस मानकऱ्यांची नावे देण्यात आली, आणि त्यांत तारापोर यांचेही एक बेट आहे. हा सन्मान उचितच आहे. परंतु बेट फार दूर आहे, आणि आपण महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी या माणसाचे स्मरण करण्यास तेथवर जाण्याची आवश्यकता नाही. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे भारतीय चिलखती दळाचे प्रशिक्षणकेंद्र आहे. तेथील रणगाडा संग्रहालय सर्वांस खुले आहे, आणि तेथे अनेक देशांचे रणगाडे उघड्यावर उभे आहेत. शाळांनी मुलांना तेथे न्यावे, रणगाड्याच्या त्या अरुंद झाकणापाशी उभे करावे, आणि त्यातून डोके बाहेर काढून सहा दिवस उभा राहिलेल्या एका माणसाची गोष्ट सांगावी. ती सांगताना फिलोरा आणि चविंडा यांच्याबरोबर प्रार्थनेचे पुस्तक, साखळी, अंगठी, कडे आणि पेन यांचीही गोष्ट सांगावी. कारण आपल्या माणसांवर ज्याचे खरे प्रेम असते तोच परक्यांसाठी प्राण देऊ शकतो, हे मुलांना पदकाच्या झगमगाटापेक्षा त्या पाच वस्तूंवरून अधिक चांगले समजेल.

आणि प्रौढांनी आणखी एक करावे. पडलेल्या सैनिकाचे स्मरण समारंभाने होते. पण त्याच्या मागे राहिलेल्या संसाराची गरज समारंभाने भागत नाही. सैनिकाच्या पत्नीला निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी कचेरीत खेटे घालावे लागतात, त्याच्या आईला औषधपाण्याला सोबत लागते, त्याच्या मुलांना वडिलांविषयी बोलणारे कोणीतरी हवे असते. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर, सांगली अशा जिल्ह्यांत क्वचितच एखादे गाव असेल की जेथे सैनिकाचे घर नाही. १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो आणि त्याचा निधी अशाच कुटुंबांच्या कामी येतो. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. येत्या ध्वजदिनाला छातीवर कागदी निशाण लावून न थांबता, आपल्या गावातील किंवा आळीतील सैनिकाच्या घरी जावे, त्या घरात कोणते काम अडले आहे हे विचारावे, आणि ते स्वतः उभे राहून पुरे करून द्यावे. ज्या माणसाने लढाईच्या ऐन धुमाळीत आपल्या घरातील प्रत्येकाची आठवण ठेवली, त्याचे यथार्थ स्मरण करावयाचे तर असेच करावे लागेल.